पत्रिका करणाऱ्या हातांनी पहिली वर्डप्रेस थीम कशी करावी

लग्नसराईत प्रेसमध्ये बसलेल्या कुणालाही हे माहीत असतं: पत्रिकेचा साचा आधी तयार, नावं मागाहून येतात. नवरदेव ‘अनय’ असला की ओळ ओकीबोकी दिसते. वधूपक्षाकडून ‘चि. सौ. कां. ज्ञानेश्वरी, बी. ई. कॉम्प्युटर’ आलं की तीच ओळ काठाला जाऊन धडकते. मग आपण कोरलड्रॉमध्ये अक्षर दोन पॉइंटांनी उतरवतो, नाव थोडं चेपतो आणि काम भागवतो. नाशिकच्या मेन रोडमागच्या एका बोळात मी सहा वर्षं हेच केलं.

वेबसाइटची थीमही साचाच आहे. फक्त नाव चेपायला तिथे तुम्ही हजर नसता. गिऱ्हाईक रात्री अकरा वाजता मोबाइलवरून सूचना टाकतं, आडवा फोटो मागितला असता उभा टाकतं, आणि तुम्ही झोपलेले असता. न पाहिलेल्या मजकुरासाठी डिझाइन करायचं, एवढं एक डोक्यात ठेवा. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यातूनच निघतात.

हे मी सिडकोत, नाशिकरोडला, कॉलेज रोडच्या वरच्या मजल्यांवर बसून फ्लेक्स, पाकिटं आणि क्लासची पत्रकं करणाऱ्यांसाठी लिहितेय. त्यांचा हात बसलेला आहे, नजर तयार आहे, फक्त कोड म्हटलं की घसा कोरडा पडतो. वर्डप्रेस, म्हणजे वेबसाइट उभी करायचं फुकट सॉफ्टवेअर, २००३ साली आलं, थीमची सोय २००५ साली १.५ या आवृत्तीत आली, आणि पुढची बरीच वर्षं थीम करायची तर पीएचपी ही कोडची भाषा यावीच लागायची. जानेवारी २०२२मध्ये ५.९ आवृत्तीबरोबर ब्लॉक थीम सुरू झाल्या. ब्लॉक म्हणजे परिच्छेद, फोटो, बटण असा एकेक तयार तुकडा. तेव्हापासून साइटचा माथा, पाया, पानांची मांडणी हे सगळं डोळ्यांनी बघत, ब्लॉक सरकवत करता येतं. म्हणून यूट्यूबवर शिकताना तारीख बघा. ‘हेडर डॉट पीएचपी’ उघडून शिकवणारा किंवा साइडबारमध्ये विजेट टाकायला सांगणारा व्हिडिओ जुन्या पद्धतीचा आहे. तो चुकीचा नाही, पण तुमच्या कामाचा नाही.

आधी बसायची जागा

गिऱ्हाइकाच्या चालू साइटवर शिकू नका. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

नुसतं चाखून बघायचं असेल तर वर्डप्रेस प्लेग्राउंड वापरा. ब्राउझरच्या टॅबमध्येच अख्खं वर्डप्रेस उघडतं, होस्टिंग लागत नाही, पैसे लागत नाहीत. सेव्ह न करता टॅब बंद केला तर मात्र केलेलं काम जातं. खऱ्या कामासाठी स्वतःच्या संगणकावर ‘लोकल’ किंवा ‘वर्डप्रेस स्टुडिओ’ यांपैकी एक टाका, दोन्ही फुकट आहेत. त्यात नवी साइट उभी केली की ‘क्रिएट ब्लॉक थीम’ हे प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला लावायचं जोडसॉफ्टवेअर, बसवा. वर्डप्रेसच्याच मंडळींनी केलेलं आहे. त्यातून कोरी थीम तयार करता येते किंवा असलेल्या थीमची प्रत काढता येते. पहिल्या वेळी कोरी घेऊ नका. ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह या वर्डप्रेसबरोबर येणाऱ्या थीमची प्रत काढा आणि तिचे तुकडे खोलून बघा. रेडिओ दुरुस्त करायला शिकणारा आधी चालू रेडिओच उघडतो.

थीमच्या फोल्डरमध्ये काय असतं, एकदा बघून घ्या. ‘स्टाइल डॉट सीएसएस’मध्ये वरच्या चार ओळींत थीमचं नाव, आवृत्ती, परवाना वगैरे. ‘थीम डॉट जेसन’मध्ये रंग, अक्षरं, अंतरं, रुंदी. ‘टेम्प्लेट्स’ फोल्डरमध्ये पानांचे साचे. ‘पार्ट्स’मध्ये माथा आणि पाया. ‘पॅटर्न्स’मध्ये तयार तुकडे. ‘स्टाइल्स’मध्ये त्याच थीमचे वेगळे रंगावतार. ब्लॉक थीम म्हणून चालायला खरं तर स्टाइल डॉट सीएसएस आणि टेम्प्लेट्समधली इंडेक्स फाइल एवढ्या दोनच गोष्टी पुरतात. बाकीचा संसार आपण आपल्या सोयीसाठी मांडतो.

मजकूर आधी मागा, चित्र नंतर काढा

उदाहरण म्हणून पंचवटीतल्या एका छोट्या वाचनालयाचं काम घेते. नाशिकमध्ये वाचनालय म्हटलं की १८४० सालचं सार्वजनिक वाचनालय, आपलं सावाना, डोळ्यांपुढे येतं. हे ते नव्हे. हे दोन खोल्यांचं, एका कपाटाला कुलूप नसलेलं.

कार्यवाह काकांना मी म्हटलं, “काका, मागच्या वर्षभरातल्या सगळ्या सूचना पाठवा. फळ्यावरच्यासुद्धा.”

“अगं ताई, आधी डिझाइन तर दाखव. मजकूर काय, देऊ की नंतर.”

“नंतर दिलात तर डिझाइनही नंतरच होईल.”

चार दिवसांनी व्हॉट्सॅपवर एकेचाळीस फोटो आले. बहुतेक फळ्याचे, एकात काकांचा अंगठा. त्यातलं सगळ्यात लहान शीर्षक होतं ‘उद्या बंद’. सगळ्यात मोठं होतं ‘२७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिनानिमित्त बालविभागातील सभासदांसाठी हस्ताक्षर व काव्यवाचन स्पर्धेचा निकाल आणि बक्षीस समारंभाच्या बदललेल्या वेळेबाबत’. दोन शब्द आणि अठरा शब्द. मी फिग्मात, म्हणजे पडद्यासाठी डिझाइन काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, सूचनेची चौकट काढली ती हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवूनच. ज्या चौकटीत दोन्ही नीट बसले ती ठेवली, बाकीच्या काढून टाकल्या.

तुम्हीही काम हातात घेताना असा ‘वाईट मजकुराचा’ गठ्ठा जमवा: सर्वांत लांब शीर्षक, सर्वांत आखूड शीर्षक, फोटो नसलेली नोंद, उभा फोटो, अंधारात काढलेला फोटो, एकही परिच्छेद न पाडता लिहिलेला हजार शब्दांचा अहवाल, आणि एक तक्ता. आपण सादरीकरणात नेहमी छान मजकूर आणि गोदाघाटाचा सोनेरी संध्याकाळचा फोटो टाकतो. गिऱ्हाईक खूश होतं, आणि महिन्याने त्याच साइटकडे बघवत नाही.

कोणकोणती पानं काढायची

वर्डप्रेस प्रत्येक पत्त्यासाठी एक साचा शोधतं. एखादी नोंद उघडली की ते ‘सिंगल’ नावाचा साचा शोधतं. तो नसेल तर ‘सिंग्युलर’, तोही नसेल तर ‘इंडेक्स’. विभागाची यादी उघडली की ‘आर्काइव्ह’, आणि शेवटी पुन्हा इंडेक्स. म्हणजे शेवटचा आधार इंडेक्स. म्हणून सुरुवात त्यापासून करा आणि तो साधा, भक्कम ठेवा.

वाचनालयाला मी सहा साचे केले: मुखपृष्ठ, एकेक नोंद, स्थिर पान, यादी, शोध, आणि ४०४, म्हणजे पत्ता चुकला की दिसतं ते पान. नवीन मंडळी शेवटचे दोन विसरतात. शोधाच्या पानावर ‘काहीच सापडलं नाही’ ही अवस्था वेगळी काढावी लागते, तीही विसरतात. वाचनालयात तर माणूस शोधायलाच येतो.

चित्र काढताना ३६० पिक्सेल रुंदीची फ्रेम आधी भरा आणि १२८०ची नंतर. उलट केलंत तर फोनवर मोठ्या पडद्याची भंगार आवृत्ती उरते.

रंग: नाव कामावरून ठेवा

छपाईतून आलेल्यांनी सीएमवायकेची, म्हणजे शाईच्या चार रंगांची, सवय बाजूला ठेवावी, फाइल आरजीबीतच, म्हणजे पडद्याच्या रंगांत, सुरू करावी. शाईत मळका येणारा हिरवा पडद्यावर झगझगीत येतो, त्यामुळे जुन्या पाकिटावरचा रंग जसाच्या तसा उचलला की तो अंगावर येतो. (द्राक्षाचा जांभळा रंग आणि घड नाशिकच्या साइटवर आणखी एकदा न आणल्याबद्दल तुमचे आगाऊ आभार.)

थीम डॉट जेसनमध्ये प्रत्येक रंगाला दोन नावं असतात. एक माणसांना दिसणारं, ते खुशाल मराठीत ठेवा. दुसरं वर्डप्रेसने आत वापरायचं, म्हणजे स्लग. ते इंग्रजी लहान अक्षरांत ठेवा आणि रंगावरून ठेवू नका. ‘रेड’ ठेवलंत आणि उद्या तोच रंग हिरवा केलात, तर फाइलमध्ये रेड म्हणजे हिरवा असा घोळ बसतो. म्हणून ‘बेस’ म्हणजे पानाची पार्श्वभूमी, ‘कॉन्ट्रास्ट’ म्हणजे त्यावरची अक्षरं, ‘अॅक्सेंट’ म्हणजे बटणं आणि दुवे, अशी कामावरून नावं. आणि स्लग एकदा ठरला की बदलू नका. लोकांनी ज्या नोंदींत तो रंग वापरलाय त्या नोंदी स्लगच लक्षात ठेवतात. तो बदलला की जुन्या नोंदींतला रंग गायब होतो. दहा नोंदींत चालून जाईल, चारशे नोंदींत रडू येईल.

वाचनालयासाठी मी पाच रंग घेतले. अक्षरांना काळाराम मंदिराच्या पाषाणासारखा करडा-काळा, पार्श्वभूमीला जुन्या पुस्तकाच्या पानापेक्षा जरा उजळ पांढरा, दुव्यांना बांधणीच्या कापडाचा तांबडा, आणि दोन फिके. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक मोजायची साधनं फुकट मिळतात. साध्या मजकुराला ४.५ला १ हे प्रमाण किमान हवं, मोठ्या शीर्षकांना ३ला १ चालतं. माझा तांबडा आधी यात बसत नव्हता. मला तो आवडत होता, तरी गडद केला. वाचनालयाचे निम्मे सभासद चष्म्याचे आहेत.

अक्षरं: इथे घाई करू नका

परदेशी थीम मराठीत का फसतात याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं. त्या लॅटिन लिपीसाठी मापलेल्या असतात.

पहिली गोष्ट, श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर वेबवर चालत नाही. तो मुळात इंग्रजी अक्षरांवर चढवलेला मुखवटा असतो. फॉन्ट निघाला की खालची खिचडी दिसते. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि नंतर कुणाकडून तरी वाचून घ्या, कारण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास सरकते. फोटोशॉप किंवा इनडिझाइनमध्ये युनिकोड चिकटवल्यावर जोडाक्षरं फुटत असतील तर मजकुराची वर्ल्ड-रेडी मांडणी सुरू करा, फॉन्टला दोष देऊ नका.

दुसरी, फॉन्ट निवडताना ‘मराठी’ असं लिहून बघणं पुरेसं नाही. माझी चाचणीची ओळ ही आहे: ‘दुसऱ्या तऱ्हेचं वाङ्मय वाचणाऱ्या स्त्रिया, ॲड. शिंद्यांचं उद्ध्वस्त कपाट, ऑक्टोबर, श्रद्धा, ज्ञान, कृपा’. ‘वाङ्मय’मधला ङ पायमोडका होतो का? ‘ॲ’च्या जागी चौकोन येतो का? ‘ऱ्या’मधला चंद्रकोरीसारखा र नीट लागतो का, की रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो? एका देखण्या फॉन्टने माझ्याकडे ‘वाङ्मय’वरच मार खाल्ला, आणि वाचनालयाच्या साइटवर तो शब्द दर पानावर होता.

मुक्त परवान्याचे चांगले देवनागरी फॉन्ट आज भरपूर आहेत. ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा मुक्ता सात वजनांत, म्हणजे बारीक ते ठळक अशा सात जाड्यांत, मिळतो आणि लहान आकारातही वाचता येतो. बालू शीर्षकांना मजेदार, मुलांच्या विभागाला तर फारच छान. टिरो देवनागरी मराठी पुस्तकी वळणाचा आहे, ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात. पण त्यात ठळक वजन नाही, त्यामुळे ठळक केलं की ब्राउझर स्वतःच अक्षर फुगवतो आणि ते चिखलात पडल्यासारखं दिसतं. मी मजकुराला मुक्ता आणि मोठ्या शीर्षकांना टिरो साध्या वजनात वापरला. मुक्ताची सात वजनं दिसली म्हणून सातही भरू नका. देवनागरी फॉन्टात जोडाक्षरांची वेगळी रूपं असतात, म्हणून फाइल लॅटिनपेक्षा जड असते. साधं आणि ठळक, दोन पुरेत. डब्ल्यूओएफएफ-२ या वेबफॉन्टच्या स्वरूपातल्या फाइली थीममध्येच ठेवा. वर्डप्रेस ६.५पासून, म्हणजे एप्रिल २०२४पासून, संपादकातच फॉन्ट लायब्ररी आहे, तिथून त्या चढवता येतात.

तिसरी गोष्ट मापांची. लॅटिनला ओळींचं अंतर १.५ छान दिसतं. मराठीत वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार असल्यामुळे ओळी एकमेकींच्या डोक्यावर पाय देतात. मजकुराला १.७च्या आसपास ठेवा. शीर्षकांना परदेशी थीममध्ये १.१ असतं, ते किमान १.३ करा. ‘ट्टू’खाली ‘र्की’ आला की काय होतं ते एकदा मुद्दाम करून बघा.

अक्षरांमधलं अंतर, म्हणजे लेटर स्पेसिंग, शून्यच. लॅटिनमध्ये ते वाढवून ऐटदार शीर्षक होतं. आपल्याकडे शिरोरेषा तुटून शब्दाची दातं पडतात. ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्हची प्रत घेतली असेल तर थीम डॉट जेसनमध्ये हा शब्द शोधा आणि जिथे जिथे आकडा असेल तिथे शून्य करा. सगळी अक्षरं कॅपिटल करण्याची सेटिंग मराठीला लागूच होत नाही. पण मेनूमध्ये एखादा इंग्रजी शब्द असला तर तेवढाच ओरडतो, म्हणून तीही काढा. इटॅलिक मुक्तामध्ये नाही, ब्राउझर अक्षराला ढकलून तिरकं करतो. अवतरणांना इटॅलिकऐवजी डावीकडे रंगीत रेघ आणि थोडी मोठी अक्षरं दिली की काम होतं. परिच्छेदाच्या सुरुवातीला मोठं पहिलं अक्षर ठेवायची हौसही टाळा. ‘श्री’चं पहिलं अक्षर कुठे संपतं यावर सगळ्या ब्राउझरांचं एकमत नाही.

दुव्यांची अधोरेखा उकारांना कापत जाते. ती थोडी खाली सरकवा, सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या भाषेत, त्यासाठी ‘टेक्स्ट अंडरलाइन ऑफसेट’ आहे. ही एक ओळ मात्र तुम्हाला हाताने लिहावी लागेल. मरणार नाही.

शेवटी सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी करा. त्याने पानाच्या माथ्यावर ‘हे मराठी आहे’ अशी खूण बसते. काही फॉन्ट तीच वाचून मराठी वळणाची अक्षरं पुढे काढतात, आणि अंधांसाठी पान वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरंही तिच्यावरूनच आवाज ठरवतात.

रुंदी आणि मोकळी जागा

थीम डॉट जेसनमध्ये दोन रुंद्या ठरतात, मजकुराची आणि रुंद गोष्टींची. मी ६८० आणि ११८० पिक्सेल ठेवल्या. अंतरांची पायरी-पट्टी एकदा ठरवली की मधल्याच कुठल्या तरी आकड्यावर बोट ठेवू नका. फ्लेक्सवर रिकामी जागा दिसली की गिऱ्हाईक म्हणतं, ‘इथे काहीतरी टाका ना, जागेचे पैसे दिलेत.’ इथे जागेचे पैसे लागत नाहीत हे त्याला समजावून सांगा.

अक्षरांचा आकार पडद्याप्रमाणे आपोआप कमी-जास्त होण्याची सोय ६.१ आवृत्तीपासून आहे, फ्लुइड टायपोग्राफी या नावाने. ती सुरू ठेवा, पण मजकुराला लागू करू नका. मजकूर सगळीकडे १८ पिक्सेल, फक्त शीर्षकं लवचीक.

जुळवणी, आणि माझा एक वाया गेलेला रविवार

आता अपिअरन्समधून एडिटर उघडा आणि फिग्मात काढलेलं ब्लॉकांनी बांधा. बाहेर ग्रुप ब्लॉक, आत रो (आडवी रांग) आणि स्टॅक (उभी रांग), यादीसाठी क्वेरी लूप. क्वेरी लूप म्हणजे ‘शेवटच्या सहा सूचना आण आणि प्रत्येकीला हा साचा लाव’ असा निरोप. त्यात फोटोचा ब्लॉक टाकलात आणि नोंदीला फोटोच नसला तर तिथे काहीच येत नाही. मग तीनांच्या रांगेत एक कार्ड बुटकं पडतं. वाचनालयाच्या एकेचाळीस सूचनांपैकी फोटो लागणाऱ्या होत्या पाच. मी कार्डांची कल्पनाच सोडली आणि रोजच्या रोजनिशीसारखी यादी केली: डावीकडे तारीख, उजवीकडे शीर्षक, खाली बारीक रेघ. फिग्मातली कार्डं जास्त देखणी होती हे मान्य.

आता तो रविवार. मी एडिटरमध्ये बसून माथा, पाया, सगळे साचे नीट केले, सेव्ह केले, थीमचं फोल्डर झिप केलं आणि वाचनालयाच्या खऱ्या साइटवर चढवलं. तिथे उघडली ती जुनी, अर्धवट थीम. माझं एकही काम त्यात नव्हतं. मी पुन्हा झिप केलं, पुन्हा चढवलं. ब्राउझर बदलला. संध्याकाळी होस्टिंगवाल्यांना फोन लावला आणि उगाचच आवाज चढवला.

त्यांची चूक नव्हती. एडिटरमध्ये सेव्ह केलेलं काम थीमच्या फाइलींत जात नाही, ते त्या साइटच्या डेटाबेसमध्ये जातं. पत्रिकेच्या भाषेत सांगायचं तर मी छापलेल्या प्रतीवर पेनाने दुरुस्त्या करत होते आणि प्रेसला मूळ प्लेटच पाठवत होते. उपाय सोपा आहे. एडिटरमध्ये क्रिएट ब्लॉक थीमचं पान्याचं चिन्ह दिसतं, त्यात ‘सेव्ह चेंजेस टू थीम’ दाबा. फॉन्ट, रंगरूप, साचे यांपैकी काय काय फाइलींत लिहायचं ते तिथे विचारतात. मग त्याच प्लगइनमधून झिप बाहेर काढा. रोज काम संपवताना ही सवय ठेवा.

याचीच दुसरी बाजू: गिऱ्हाइकाने त्याच्या साइटवर पायात फोन नंबर बदलला असेल, तर तो डेटाबेसमधला पाया तुमच्या नव्या थीममधल्या पायावर मात करतो. तुम्ही नवी आवृत्ती चढवता आणि पाया काही बदलत नाही. तेव्हा साच्यांच्या यादीत त्या तुकड्यापुढे ‘रीसेट’ असतं. दाबण्यापूर्वी गिऱ्हाइकाचा बदल टिपून ठेवा, नाहीतर फोन नंबर जुना होतो आणि तुमचा फोन वाजतो.

पॅटर्न, म्हणजे काकांसाठी तयार ताट

गिऱ्हाइकाला ब्लॉक जोडायला लावू नका. जे वारंवार लागतं त्याचे पॅटर्न करून ठेवा. वाचनालयाला चार लागले: कार्यक्रम (तारीख, वेळ, स्थळ, वक्ते), नवीन पुस्तकांची यादी, वर्गणीचा तक्ता, आणि श्रद्धांजली. शेवटचा काकांनी मागितला. मला सुचलाच नसता. पॅटर्नमधला नमुना मजकूर ‘इथे शीर्षक लिहा’ असा न ठेवता खरा वाटेल असा ठेवा, म्हणजे किती लिहायचं ते बघूनच कळतं. मांडणी हलू नये अशा ठिकाणी ब्लॉकला कुलूप लावायची सोय आहे, ती वापरा.

आणि थीम डॉट जेसनमध्ये मनाला येईल तो रंग निवडायची मुभा बंद करा. तुमचे पाच रंग दिसतील, बाकी नाहीत. सुरुवातीला मला यात हुकूमशाही वाटायची. मग एका जुन्या कामात पोपटी पट्टीवर पिवळी अक्षरं पाहिली आणि वाटणं बंद झालं.

तपासणी

वाईट मजकुराचा गठ्ठा आता भरा. शिवाय वर्डप्रेसची चाचणी-मजकुराची फाइल मिळते, ती आयात केली की विचित्र शीर्षकं, खोल यादीतल्या याद्या, रुंद तक्ते सगळं एकदम येतं. थीम चेक नावाचं प्लगइन राहून गेलेल्या फाइली आणि चुका दाखवतं.

मग टेबलावरून उठा. दुपारी बारा वाजता सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या, बाहेर उभं राहून साध्या अँड्रॉइड फोनवर साइट उघडा. मॉनिटरवर नाजूक दिसलेला करडा उन्हात नाहीसा होतो. एका हाताने अंगठ्याने मेनू उघडतो का बघा. घरी येऊन माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब की दाबत पूर्ण पान फिरा. आपण कुठे आहोत ते प्रत्येक वेळी दिसलं पाहिजे. फोनची अक्षरं सर्वांत मोठी करून बघा. ‘ग्रंथालयशास्त्राभ्यासक्रम’सारखा शब्द ३६० पिक्सेलात पडद्याबाहेर पळतो का तेही.

हातात देण्यापूर्वी

थीमच्या फोल्डरमध्ये १२०० बाय ९०० पिक्सेलचं ‘स्क्रीनशॉट’ नावाचं चित्र ठेवा, थीमच्या यादीत तेच दिसतं. परवान्याच्या ओळीत जीपीएल, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना, लिहा. वर्डप्रेस त्याच परवान्याचं आहे, आणि अधिकृत थीम-संग्रहात द्यायची असेल तर थीमही, तिच्यातली चित्रं आणि फॉन्टही, त्याच्याशी जुळणाऱ्या परवान्याचे लागतात. गूगलवरून उचललेला रामकुंडाचा फोटो त्यात बसत नाही. स्वतः जाऊन काढा, पहाटे गर्दीही कमी असते. विकत घ्यायच्या थीमची ‘फुकट’ झिप कुणी व्हॉट्सॅपवर दिली तर ती उघडूसुद्धा नका. अशा झिपमध्ये बरेचदा कुणीतरी आधीच येऊन बसलेलं असतं.

गिऱ्हाइकाला साइट सोपवताना अर्धा तास त्याच्याशेजारी बसा, पण माउस त्याच्या हातात द्या. काकांना मी एवढंच म्हटलं, “उद्याची सूचना टाका,” आणि वही उघडून बसले. काका तीन ठिकाणी अडले. ‘पॅटर्न’ हा शब्द त्यांना कळला नाही. कार्यक्रमाच्या पॅटर्नमध्ये वेळेची ओळ तारखेआधी होती, आणि ते आधी तारीख लिहायला गेले. आणि सूचना गेल्यावर ती पाहायला मुखपृष्ठावर कसं जायचं ते त्यांना सापडेना. त्यांनी बोलून टाइप केलेलं शीर्षक होतं ‘उद्या बंद आहे कृपया नोंद घ्यावी’. ते यादीत नीट बसलं.

रात्री घरी मी पॅटर्नच्या गटाला ‘वाचनालयाचे तयार नमुने’ असं मराठी नाव दिलं, तारीख वर घेतली, आणि प्रत्येक नोंदीच्या खाली ‘सर्व सूचना’ असा दुवा टाकला. बदल थीममध्ये सेव्ह केले, स्टाइल डॉट सीएसएसमधला आवृत्तीचा आकडा १.०.१ केला, आणि झिप काकांना पाठवली.